यंत्राला कोणी सांगितलं?

(संस्थेच्या वार्षिक हितचिंतक मेळाव्यात आश्रमशाळेतील गणिताच्या शिक्षिकेने केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

मला संगणकवर्गाविषयी बोलायला सांगितलं आहे. मी सुरुवात एका प्रश्नापासून करते. गेल्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत एका ज्येष्ठ हितचिंतकांनी तो विचारला होता. ते म्हणाले, "बाई, या मुलांना दोन वेळचं पोटभर जेवण, औषधपाणी, अंगभर कपडा मिळावा म्हणून आम्ही पैसे पाठवतो. हे कोडिंग कशाला काढलंत?" तो प्रश्न मला अजिबात लागला नाही. उलट इतक्या सरळपणे कोणी विचारत नाही. शहरातली मुलं करतात म्हणून आपल्याही मुलांनी करायचं, एवढंच कारण असेल तर तो खर्च खरंच करू नये.

आता कारण सांगते. संगणक जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर येऊ द्यायचा की नाही, हे ठरवायची वेळ निघून गेली आहे. तो आलेला आहे, आणि तो शाळेच्या दारातून आलेला नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं यंत्र आहे. बँकेचे पैसे काढायचे तर बँकमित्राकडे अंगठा. आधार, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, सगळं पडद्यावर. ज्या माणसाने आयुष्यात एकही बटण दाबलेलं नाही त्याचंही पोट आज एका यंत्रावर अवलंबून आहे. माती, कोयता आणि विटा यांनी ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांचाच अंगठा उमटत नाही, हे तुम्ही वाचलं असेल. आम्ही ते रांगेत उभं राहून पाहतो.

त्या रांगेत एक वाक्य सारखं ऐकू येतं: "मशीन नाही म्हणतंय." एवढं म्हटलं की पुढचं सगळं बोलणं बंद. दुकानदार वाईट असेलच असं नाही, बहुतेक वेळा त्यालाही त्यापलीकडे काही ठाऊक नसतं. पण म्हातारी पिशवी घडी करून घरी जाते. तलाठी नाही म्हणाला तर माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, साहेबाला भेटतो, गावातल्या चार जणांना घेऊन जातो. यंत्र नाही म्हणालं की देवाने नाही म्हटल्यासारखं होतं.

कोडिंगच्या वर्गात मूल पहिली गोष्ट शिकतं ती हीच, की यंत्र स्वतःहून काहीच म्हणत नाही. कोणीतरी त्याला तसं सांगून ठेवलेलं असतं. माझ्यापुरतं संगणकवर्गाचं कारण एवढंच आहे. यातून इंजिनियर होतील का, असंही विचारतात. एखादा होईलही, झाला तर आनंद आहे. पण वर्ग त्या एकासाठी चालत नाही.

आता आम्ही शिकवतो कसं ते सांगते, कारण अनेकांच्या डोळ्यांसमोर चकचकीत संगणककक्ष असेल. आमच्याकडे नऊ जुने लॅपटॉप आहेत. त्यांतल्या तिघांची बॅटरी मेलेली आहे, ते वायर काढली की मिटतात. पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते. म्हणून सहावीचा पहिला महिनाभर आम्ही संगणकाला हातच लावत नाही.

मैदानावर चुन्याने चौकोन आखतो. एक मूल यंत्र होतं. दुसऱ्याने त्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातल्या आंब्याच्या रोपापाशी न्यायचं. हुकूम तीनच: एक पाऊल पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. यंत्राने स्वतःची अक्कल चालवायची नाही. पहिल्या दिवशी हमखास कोणीतरी भिंतीवर जाऊन आदळतं आणि तिथेच पाय आपटत राहतं, कारण 'थांब' असं कोणी सांगितलेलंच नसतं. पोरं हसून लोळतात. पण घरी जाताना एक गोष्ट पक्की झालेली असते: भिंतीवर आदळला तो यंत्राचा दोष नव्हे, हुकूम देणाऱ्याचा.

ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली लहान मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढे तिच्यात एक कासव आलं. मुलांनी हुकूम द्यायचे, कासवाने चालत रेघ काढायची. अडलं की पॅपर्ट मुलांना म्हणायचे, स्वतः कासव हो आणि चालून बघ. अंगाने कळलेलं विसरत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

आणि खरं तर त्यासाठी अमेरिकेत जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केलं ते आठवा. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, दगड, पानं यांतून बालवाडीची साधनं उभी केली. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा हा शब्दच तिथला. साधन नाही म्हणून शिकवणं थांबवायचं नसतं, हे त्या दोघींनी याच मातीत दाखवून ठेवलं आहे. आम्ही फार वेगळं काही करत नाही.

आमचं मुख्य साधन चिंचोके. चिंचोका मधून फोडला की एक बाजू काळी, एक पांढरी. खेड्यातल्या पोरांना हे फासे शिकवावे लागत नाहीत. पाच चिंचोके ओळीत मांडायचे. उजवीकडून पहिल्याची किंमत १, मग २, ४, ८ आणि १६. पांढरी बाजू वर आली तर ती किंमत धरायची, काळी आली तर सोडायची. पाच चिंचोक्यांत शून्यापासून ३१पर्यंतचा कुठलाही आकडा मांडता येतो. संगणकाच्या पोटात याहून वेगळं काही नाही, फक्त चिंचोके फार आहेत आणि फार भराभर उलटतात. सहावीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, मग संगणकाला काळं-पांढरं सोडून काहीच कळत नाही?" मी म्हटलं, नाही कळत. तो म्हणाला, "मग माझ्याहून ढ आहे." हे वाक्य ऐकण्यासाठी मी महिनाभर थांबायला तयार असते.

त्यानंतर लॅपटॉप. त्यावर स्क्रॅच वापरतो. तेही अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेलं, २००७ साली सर्वांना खुलं झालेलं, फुकट, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. आमच्याकडे नेटवर्क फक्त वसतिगृहाच्या मागच्या टेकाडावर येतं, तेव्हा हे महत्त्वाचं. त्यात हुकूम टाइप करायचे नसतात, रंगीत तुकडे एकमेकांत अडकवायचे असतात. इंग्रजी स्पेलिंग चुकलं म्हणून मूल मागे पडत नाही. आकडा साठवायच्या जागेला नाव देता येतं, आणि ते नाव आपण मराठीत लिहू शकतो. गणितात आपण त्याला 'चल' म्हणतो. मी पहिल्यांदा फळ्यावर 'चल' लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरची दोघं उठून चालायला लागली.

एका लॅपटॉपवर दोघं बसतात. पहिल्या वर्षी मुलगे माउस सोडायचे नाहीत आणि मुली मागे उभं राहून बघायच्या. म्हणून नियम केला: ज्याचा हात यंत्रावर त्याने ठरवायचं नाही, जो ठरवेल त्याने हात लावायचा नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. आता भांडणं होतात, पण ती हुकमावरून होतात, माउसवरून नाही.

मुलं काय करतात? मांजर नाचवतात, मासे पकडायचा खेळ करतात, तारप्याचा नाच करतात. तारप्याच्या नाचाने मला 'पुन्हा पुन्हा करा' हा हुकूम शिकवायचा त्रासच वाचवला. वाजवणारा मध्ये, बाकीचे हातात हात घालून फेर धरून, तीच पावलं पुन्हा आणि वाजवणारा सूर बदलेल तेव्हा बदल. एवढं सांगितलं की झालं. पण हे सगळं सांगत बसले तर वेळ जाईल. मला तुम्हाला एका दिवसाबद्दल सांगायचं आहे.

आमची निम्मी मुलं अशा घरांतली आहेत जिथे दिवाळी झाली की घराला कडी लागते. आईवडील वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, कोणी आणखी लांब. पाऊस तोंडावर आला की परत. व्यवहार असा असतो. जाण्याआधी मालक उचल देतो, ती बहुतेक वेळा लग्नात, आजारपणात किंवा पावसाळ्यातल्या पोटापाण्यात आधीच संपलेली असते. भट्टीवर दर आठवड्याला खर्ची मिळते, मीठमिरचीपुरती. मजुरी हजार विटांमागे ठरते. आणि शेवटी हिशेब होतो: एवढ्या विटा पाडल्या, त्यातून उचल वजा, खर्ची वजा, राहिलं ते हातात. वही मालकाकडे.

आठवीच्या वर्गाला मी म्हटलं, भट्टीचा हिशेब करणारं यंत्र तयार करा. दर मुद्दाम खोटा धरला, सोपा, म्हणजे कोणाच्या घरचा आकडा फळ्यावर यायला नको. हजार विटांना हजार रुपये. साठ हजार विटा. उचल वीस हजार. खर्ची आठवड्याला हजार, बावीस आठवडे. आता चार चल हवेत: विटा, दर, उचल, खर्ची. मुलांनी नावं स्वतः दिली. त्या नावांचे अर्थ सांगावे लागले नाहीत. व्याजाच्या गणितात 'मुद्दल' समजावताना माझा घसा सुकतो, इथे उलट तेच मला सांगत होते की बाई, पावसाने पडलेल्या कच्च्या विटा मोजत नाहीत, त्यासाठी आणखी एक चल लागेल.

उत्तर अठरा हजार यायला हवं होतं. सहा जोड्यांचं आलं. एका जोडीचं आलं उणे चार हजार. म्हणजे सहा महिने राबून कुटुंबच मालकाचं चार हजार देणं लागतं. मी म्हटलं, चला, कुठे बिघडलंय ते शोधू. तेव्हा त्या जोडीतली मुलगी म्हणाली, "बिघडलं नाही बाई. आमच्या घरी असंच येतं."

वर्ग गप्प झाला. कारण ते वाक्य बाकीच्यांनाही ओळखीचं होतं. चार हजार अंगावर राहिले, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर त्याच भट्टीवर जायचं.

मग आम्ही एकेक तुकडा वाचत गेलो. मैदानावरच्यासारखंच, एक हुकूम, एक पाऊल. खर्ची वजा करण्याचा तुकडा दोनदा लागला होता, एकदा आठवड्याच्या फेऱ्यात आणि पुन्हा एकदा शेवटी. एक काढला, अठरा हजार आले. मला वाटलं आता टाळ्या वाजवतील. ती मुलगी पडद्याकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, "मालकाच्या वहीत पण दोनदा आहे का?"

मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. वही बघावी लागेल.

मी तुम्हाला कुठल्याही भट्टीमालकाविरुद्ध काही सांगायला उभी नाही. मी ती वही पाहिलेली नाही. पण तेरा वर्षांच्या मुलीला कळलं की उणे चार हजार हे नशीब नसतं, ते एक उत्तर असतं, आणि उत्तराच्या मागे हुकमांची एक यादी असते जी वाचता येते. पंगतीतल्या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर देऊ शकले नाही ते त्या दिवशी मला मिळालं.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण अर्धी गोष्ट सांगून देणगी मागणं मला जमत नाही. त्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी घरी जाऊन हे सांगितलं. एका वडिलांनी मुलाला सरळ बजावलं की मालकासमोर तोंड उघडायचं नाही. त्यांचं बरोबर होतं. हिशेब कळला म्हणून उचल दुसरा कोणी देत नाही. लॅपटॉप भट्टीवर जाऊ शकत नव्हता, न्यायलाही नको होता. म्हणून मुलांनी यंत्राचा तक्ता वहीत उतरवला. दर आठवड्याला एक ओळ. विटांच्या रकान्यात विटेचं चित्र, खर्चीच्या रकान्यात रुपयाचं. हजार विटांना एक उभी रेघ, पाचवी आडवी. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही ही वही भरता येते. तीन घरांनी ती सबंध हंगामभर भरली. बाकीच्यांच्या वह्या चुलीत गेल्या किंवा भिजल्या.

मे महिन्यात तीन वह्या परत आल्या. मुलांनी आकडे यंत्रात घातले. दोन घरांचा हिशेब मालकाच्या हिशेबाशी जुळला. हे मी मुद्दाम सांगते, कारण मुलांना वाटत होतं की सगळेच फसवले जातात. तसं नसतं, आणि तेही मोजल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्याचा जुळला नाही. त्यांनी मालकाला विचारलं नाही. मीही 'विचारा' म्हटलं नाही, कारण पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या घरात तांदूळ मी भरणार नव्हते. पण त्यांनी पुढच्या वर्षीसाठी कोरी वही मागून नेली. यंदा अकरा घरांनी नेली आहे.

अंगठ्याबद्दल एक छोटी गोष्ट. बँकमित्राकडे पैसे काढताना कधी कधी सांगतात, लिंक गेली, पुन्हा अंगठा लावा. लिंक खरंच जाते, आमच्याकडे तर जातेच. पण दुसऱ्या अंगठ्याला पुन्हा पैसे कापले गेले का, हे पावतीवरच कळतं. आम्ही वर्गात मुलांना ती पावती वाचायला शिकवतो: किती काढले, किती शिल्लक, तारीख, वेळ. मोबाइलवर आलेला आकडा कोणाला सांगायचा नाही, फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचं, आधारवरचे बोटांचे ठसे आपल्याला कुलूपबंद करून ठेवता येतात, हेही शिकवतो. सातवीतली एक मुलगी तिच्या आजीबरोबर, इकडे डोसी म्हणतात, पैसे काढायला गेली आणि म्हणाली, "काका, पहिल्या अंगठ्याची पावती द्या, मग दुसरा लावू." काकांनी दिली. व्यवहार झालेलाच नव्हता, पावतीवर तसं छापलेलं होतं. मग दुसरा अंगठा लावला. एवढंच. भांडण नाही, तक्रार नाही. आजी पाड्यावर सगळ्यांना सांगत सुटली की माझी नात यंत्राला जाब विचारते.

आता न जमलेल्या गोष्टी. जी मुलं वसतिगृहात न राहता आईवडिलांबरोबर भट्टीवर जातात, ती नोव्हेंबरनंतर आमच्या हातून सुटतात, आणि संगणकवर्गाने त्यात काही फरक पडलेला नाही. तो प्रश्न वसतिगृहातल्या जागांचा आहे. दहावीनंतर मुलींचं काय होतं, तोही वेगळा विषय आहे आणि त्यावर बोलायला माझ्यापेक्षा वसतिगृहाच्या ताई योग्य आहेत.

आणि शेवटी टॅबविषयी, कारण मला माहीत आहे की आज इथे तो विषय निघणार आहे. चाळीस टॅब देण्याची तयारी एका हितचिंतकांनी दाखवली आहे. त्यांत इयत्तावार धडे भरलेले असतील. त्यांच्या मनाचा मोठेपणा मी जाणते. तरी अध्यक्षांची परवानगी घेऊन मी स्पष्ट सांगते, टॅब आम्हाला नकोत. टॅबमध्ये मूल बघतं, दाबतं, पुढे सरकवतं. तिथे त्याला यंत्र सांगतं. माझ्या वर्गात त्याने यंत्राला सांगायला हवं. शिवाय दोन वर्षांत चाळीस टॅबची चाळीस चार्जर कुठे जातात, हे ज्या शाळांनी पाहिलं आहे त्यांना विचारा.

त्याच पैशात मला माणूस हवा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं आहे, पण ते शिकवायला आमच्याकडे गणिताचे तास सांभाळून शनिवारी उरलेली मी एकटी आहे. याच शाळेतून बारावी झालेली एक मुलगी आहे, वारली, स्क्रॅच माझ्यापेक्षा चांगलं येतं, आणि मुलं अडली की त्यांच्या बोलीत समजावते. ती आत्ता कंपनीत पॅकिंगला जाते, कारण घरी पैसे लागतात. तिला वर्षभराचं मानधन मिळालं तर वर्ग शनिवारचा न राहता रोजचा होईल. दुसरी गोष्ट, छतावर सौरपट्ट्या आणि दोन चांगल्या बॅटऱ्या, म्हणजे जून ते सप्टेंबर चिंचोक्यांवर काढावे लागणार नाहीत. तिसरी, तुमच्या कार्यालयातले जुने लॅपटॉप चालतील, पण चार्जरसकट पाठवा. मागे चौदा आले होते, चार्जर पाच.

संगणकक्षेत्रातले जे तरुण एका दिवसासाठी शिकवायला येऊ का विचारतात, त्यांनाही सांगते, जरूर या. पण एक दिवस येणार असाल तर शिकवू नका. मुलांशेजारी बसा आणि त्यांनी केलेलं बिघडलं असेल तिथे त्यांच्याबरोबर एकेक हुकूम वाचा. फोटो जेवणाच्या सुट्टीत काढू.

ज्यांना वर्ग बघायचा आहे त्यांनी चहानंतर मागच्या खोलीत यावं. आठवीची मुलं भट्टीचं यंत्र दाखवतील. त्यांना प्रश्न विचारा, अवघड विचारा. यंदा त्यांनी पडलेल्या विटांचा चल घातला आहे आणि तो अजून नीट चालत नाही.